नुसती प्राथमिक

नेब्रास्कातल्या आमच्या काउंटीत एकाच पक्षाचं चालतं. त्यामुळे उमेदवार ठरवणारी मे महिन्यातली प्राथमिक निवडणूक हीच खरी. नोव्हेंबरात मतपत्रिकेवर एकच नाव उरतं. गेल्या मे महिन्यात काउंटीच्या मंडळासाठी दोघे उभे होते. एकाला गावातली रुग्णवाहिका ठेवायची होती, दुसऱ्याला तो फुकटचा खर्च वाटत होता. मतं दोघांनाही सारखीच पडली, चारशे बारा. मग नाणं उडवलं, आणि दुसरा जिंकला. जानेवारीत गावातली रुग्णवाहिका बंद झाली.

फेब्रुवारीत लोर्नाचा नवरा डेल छातीला हात लावून खाली बसला. शेजारच्या काउंटीतून रुग्णवाहिका यायला पन्नास मिनिटं लागली.

दफनानंतर चर्चच्या तळघरात मी सगळ्यांना कॉफी देत होते. लोर्ना म्हणाली, "मी त्याला म्हटलं होतं गं, मत देऊन येऊ. तर म्हणे, मका पेरायचा सोडून कुठे निघालीस, ही तर नुसती प्राथमिक. नोव्हेंबरात नटूनथटून जाऊ. मग मीही बसले घरी. एक मत हवं होतं, एकच."

"पुरे आता, लोर्ना. निम्मं गाव मत द्यायला गेलं नव्हतं."

"तुझं बरंय बाई. तू तर दिवसभर मतदान केंद्रावर राबत होतीस."

मी तिच्या कपात साखर घालून ढवळत राहिले.


माझी नेमणूक दुसऱ्या गावी होती, म्हणून मी मतपत्रिका टपालाने मागवली होती. भरून, सही करून बंद केलेलं ते पाकीट अजून माझ्या गाडीच्या खणात आहे.