थांब्याचं नाव

"माझ्या मुलाचं नाव थांब्याला द्यायचं नाही," कंडक्टरबाईंनी सांगितलं आणि नगरपालिकेच्या माणसांपुढचे कप उचलून आत नेले. कपांत अजून अर्धा चहा होता.

त्यांचा मुलगा अग्निशमन दलात होता. रंगाच्या कारखान्याला आग लागली तेव्हा त्यानं दोघांना खांद्यावर घालून बाहेर आणलं. आत रखवालदार राहिलाय, असं कुणीतरी ओरडलं. तो पुन्हा आत शिरला. रखवालदाराला त्यानं खिडकीतून बाहेर ढकललं, आणि छप्पर खाली आलं.

कारखान्यासमोरच बसचा थांबा होता. बाईंची बस त्याच रस्त्यावरची. बदली मागून घ्या, असं डेपोत सगळ्यांनी सुचवलं. बाईंनी मागितली नाही. महिन्याभरात त्या कामावर हजर झाल्या.

दिवसच धड नव्हते. ऊन वाढत होतं आणि शहरात सारखी कुठे ना कुठे आग लागत होती. घणघणत जाणारा बंब बसला मागे टाकून गेला की बाईंच्या हातातलं तिकीट हातातच राहायचं. त्या बंबावर कुणाची तरी पोरं असायची. "सगळे परत या रे," त्या ओठांतल्या ओठांत म्हणायच्या, आणि मग सुटे पैसे मोजताना चुकायच्या.

लोकांनी नकाराचे हवे तसे अर्थ लावले. कुणी म्हणालं, बाईंच्या डोक्यात राग गेलाय. कुणी म्हणालं, दुःखानं माणसाचा दगड होतो. थोरल्या बहिणीनं येऊन समजावलं, पोराचं नाव चार लोकांच्या तोंडी राहील, वगैरे. बाई मान हलवत भांडी विसळत राहिल्या.

त्यांचा ड्रायव्हर एरवी मिठाची गुळणी धरून बसणारा माणूस. एका दुपारी शेवटच्या थांब्यावर रिकाम्या बसमध्ये दोघं डबे उघडून बसले होते. त्यानं हळूच विषय काढला. नाही का म्हणालात, एवढंच विचारलं.

"दादा, थांबे मला पुकारावे लागतात," बाई म्हणाल्या. "आई हाक मारतेय आणि पोरगं येत नाही. दिवसातून किती वेळा सोसायचं हे?"

ड्रायव्हरनं तोंडातला घास सावकाश संपवला.

"आणि आता काय पुकारता, ताई?"

बाईंनी हातातला घास डब्यात ठेवला. आगीनंतर त्या थांब्याचं जुनं नाव कुणाच्याच तोंडी उरलं नव्हतं. सगळे म्हणायचे तेच बाईही म्हणत आल्या होत्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, मोकळ्या गळ्यानं: जळका कारखाना, चला, जळका कारखाना.

त्यांनी डबा न संपवताच झाकण लावलं.

परतीच्या फेरीला बस भरली. खिडकीतून कारखान्याची काळी भिंत दिसू लागली तशा बाई दांडा धरून उभ्या राहिल्या. अंगणात खेळणाऱ्या पोराला जेवायला बोलवावं तशी त्यांनी मुलाच्या नावानं हाक मारली. आवाज मध्येच फाटला. त्यांनी पुन्हा मारली.

बस थांबली, पण कुणी उठेना. माणसं एकमेकांकडे बघू लागली. दारापाशी बसलेल्या म्हातारीनं विचारलं, हा कुठला नवीन थांबा काढला?

"थांबा जुनाच आहे, आजी," बाई म्हणाल्या. "नाव माझ्या मुलाचं आहे."