शेळीची खोड

सरकारनं दारूबंदी करून चार वर्षं झाली, पण मोशीच्या सयाजीनं बेलभंडारा उचलून दारू सोडली ती यंदा. तरी दिवस मावळायला लागला की त्याचे पाय भट्टीच्या वाटेला वळू पाहायचे. नेमकी तेव्हाच बायकोची, यशोदाबाईची, हाक यायची, "अवं, शेळी सुटली परत! बघा की जरा!" शेळी हुडकत सयाजी पार कुरुळीच्या माळापर्यंत जायचा आणि दमून आला की भाकरी खाऊन आडवा व्हायचा. असे तीन महिने गेले.

त्या दिवशी यशोदाबाई हळूच शेळीचं दावं सोडायला वाकली, तोच मागून सयाजीचा आवाज आला,


"अगं, आज तिला सोडू नगंस, गाभण हाय ती. मी नुसताच हिंडून येतो."