साभार परत

अन्वर मुजावरांनी पाकीट टीपॉयवर ठेवलं, पण वरचा हात काढला नाही. "ईमेल करणं जिवावर आलं मॅडम, म्हणून स्वतःच आलो."

रेगे मॅडमनी पाकीट ओढून घेतलं. नारळाच्या करवंटीचा कोळसा पाणी कसं शुद्ध करतो, यावरचा त्यांचाच लेख आत होता. वर अन्वरच्या अक्षरात दोन शब्द होते: साभार परत.

कार्बनवरचं हे जर्नल मॅडमनीच सुरू केलं होतं. लेख मागत त्या कॉलेजं पालथी घालायच्या, तरी पहिला अंक लग्नपत्रिकेएवढाच भरला. आता जपानपासून ब्राझीलपर्यंतचे संशोधक त्यात लेख यावा म्हणून वर्षभर वाट बघत. संपादकाची खुर्ची मॅडमनी आपल्या या विद्यार्थ्याकडे सोपवली होती.

"परीक्षक काय म्हणतात?"

"तोच कोळसा पुन्हा वापरला तर चालतो का, हे तपासलेलं नाही."

"आणि तू?"

अन्वर खाली बघत म्हणाले, "माझंही तेच मत आहे."

मॅडम लेखाची पानं उलटत राहिल्या. "पहिल्या अंकातल्या माझ्या लेखातही हेच राहून गेलं होतं. तेव्हा मला सांगणारं कोणी नव्हतं रे." त्यांचा चेहरा उजळला होता. मग एकदम कपाळाला आठी पडली.

"बाकीच्यांनाही साभार लिहितोस?"

"नाही. त्यांना नुसतं परत."

"मग हे खोड."

अन्वरनी खिशातलं पेन काढून तो शब्द खोडला, तेव्हा कुठे मॅडम चहा टाकायला उठल्या.