कान तुटलेला कप

सोरायसिस अंगभर पसरला तेव्हापासून सुनेने सासूबाईंना कान तुटलेला कप वेगळा काढून दिला होता. "आम्हाला लागलं म्हणजे?" असं ती पाहुण्यांदेखत म्हणायची. आज तिच्यासमोरच डॉक्टर म्हणाले, "हा आजार कुणाला लागत नाही. पण तो इतका वाढला की साखर, प्रेशर, हृदयाचं दुखणं मागे लागू शकतं. आजींची साखर वाढलीच आहे. पथ्य सगळ्या घराने पाळा, म्हणजे त्यांना जड जाणार नाही." शेवटचं वाक्य सासूबाईंनी गाठीशी बांधलं. घरी येताच त्यांनी साखरेचा डबा शेजारणीला देऊन टाकला. मग चहा केला. स्वतःचा पाहुण्यांच्या कपात ओतला, सुनेचा त्या तुटक्या कपात. पाकासारखा चहा पिणारी सून पहिल्याच घोटाला किंचाळली, "आई, साखर?" "माझा आजार लागत नाही गं बाई," सासूबाई फुरका मारत म्हणाल्या, "पण पथ्य लागतं."