चुटकीसरशी शोध

धुळ्याच्या त्या दवाखान्यात नुकताच कॉम्प्युटर आला होता आणि केसपेपरची रांग पार रिक्षास्टँडपर्यंत गेली होती. तापानं फणफणलेल्या तुषारला खांद्यावर टाकून उज्ज्वला कशीबशी खिडकीजवळ पोचली, तर पुढच्या म्हातारीचंच नाव अजून कॉम्प्युटरच्या आत जात होतं.

"एका नावाला इतका वेळ का हो, भाऊ?"

"काय करू, ताई?" ऑपरेटर कौतिक कुरकुरला. "नवा पेशंट टाकला, की नाव, गाव, वय, आजार, डॉक्टर, अशा बठ्ठ्या, पाचही याद्यांच्या इंडेक्समध्ये त्याला जागेवर बसवावं लागतं. शोधताना उशीर नको, असा आबांचा हुकूम शे."

तेवढ्यात दवाखान्याचे विश्वस्त आबा पाहुण्यांना घेऊन आलेच. "कोणत्याही पेशंटचं नाव सांगा, चुटकीसरशी सापडेल!"

"तुषार चौधरी, दोंडाईचा," रांगेतूनच उज्ज्वला खणखणीत आवाजात म्हणाली.

कौतिकनं बटण दाबलं. खरंच, चुटकीसरशी उत्तर आलं: असा पेशंट नाही.

"मग तो इथे आलाच नसेल," आबा हसून पाहुण्यांकडे वळले.



"आलाय, आबा! सकाळपासून तुमच्या दारात, माझ्या खांद्यावर तापतोय. आधी त्याला आत घ्या, मग शोधा!"