तांब्याच्या घागरीतलं पाणी

स्टेशनातून घरी येताच रेल्वेचे मालबाबू वामनरावांनी टोपीसुद्धा न काढता माशांच्या काचेच्या पेटीत डोकावलं. पिवळी मादी करवंटीच्या तोंडाशी आडवी पडली होती. कालच अंड्यांतून निघालेली तिळाएवढी पिल्लं वाळूवर निपचित होती. पिल्लं खाऊ नयेत म्हणून बरणीत काढून ठेवलेला नर तेवढा एकटा फिरत होता.

बोटाएवढे मासे ते. मुंबईचा दुकानदार त्यांना बुटके सिक्लिड म्हणे. लेकीने, शकूने, हट्टाने आणवलेली जोडी. नांदुऱ्याच्या खाऱ्या पाण्यात दोनदा अंडी नासली, म्हणून यंदा वामनरावांनी पावसाचं पाणी मातीच्या रांजणात साठवलं होतं. शकू जाऊन वर्ष होत आलं. लेक गेली आणि हा माणूस मासे पाळत बसला, या रागाने केसरबाई पेटीकडे फिरकत नसत. राग अगदीच खोटा नव्हता.

आज मात्र त्या चुलीपासून लगबगीने आल्या.

"पाह्यलं काहो? म्या पाणी टाकलं आज. थे माय चार दिवसापासून अंड्यायपासून, लेकरायपासून हालली नाही. म्हटलं, बाळंतीण हाये, चांगलं पाणी द्यावं. रांजनातलं पाणी तांब्याच्या घागरीत रातभर ठेवलं. घागर चिंचेनं लख्ख घासली व्हती."

तांबं! माणसाला चांगलं, या माशांना विष. दुकानदाराने बजावून सांगितलं होतं. वामनरावांनीच घरात कधी सांगितलं नव्हतं. वर्षभरात दोघांत बोलणं उरलं होतं कुठे?

केसरबाई काचेपाशी वाकल्या.

"हालून काऊन नाही राह्यली थे?"

वामनरावांची नजर घागरीकडे गेली.

"पान्यानं झालं काहो?" केसरबाई घागरीकडे वळल्या. "शकूलेबी शेवटी याच घागरीतलं पाजलं व्हतं म्या."

वामनरावांनी घागर उचलली, तळाशी राहिलेलं पाणी पेल्यात ओतलं आणि केसरबाईंच्यादेखत एका दमात पिऊन टाकलं.

"गोड हाये," ते म्हणाले. मग पेला त्यांच्यापुढे धरला. "अजून हाये काय?"