खडखड

जुना स्पीकर विकताना दुकानदार म्हणाला, “खडखडला की एक ठेवून द्या. गप्प बसतो.”

मास्तरांना त्यात नवीन काही नव्हतं. तीस वर्षं त्यांनी वर्ग असेच गप्प बसवले होते.

पहिल्या दिवशी चापटीत भागलं. चौथ्या दिवशी बुक्की लागली. मग त्यांनी स्क्रू आवळले, शेवटी वायरही उपटली, तरी खडखड चालूच. आज भर दुपारी त्यांचं डोकं फिरलं आणि त्यांनी हातोड्याने खोक्याचा भुगा केला.

“मेला एकदाचा!” ते हसत वळले.

खडखड पुन्हा सुरू झाली. तोच आवाज, तीच लय. सोफ्यावर बसलेल्या बायकोचे दात एकमेकांवर आपटत होते.

“अहो,” ती कशीबशी म्हणाली, “हे मी नाही करत.”

मास्तरांना ते पटलं. पण हातोडा तोवर वर गेला होता.